न सुटलेली पार्सले : घरगुती ऑनलाइन विक्रीचा एक अभ्यास

(बी. ए., द्वितीय वर्ष)

माल देणे आणि पैसे घेणे या दोन क्रिया मिळून विक्री पुरी होते. इतवारीतल्या दुकानात या दोन क्रियांमध्ये फार तर एका गल्ल्याएवढे अंतर असते. गिऱ्हाईक समोर, माल समोर आणि नोट हातात. विक्रेता व ग्राहक यांच्यामध्ये शेकडो मैल आले की मात्र एक जुना प्रश्न उभा राहतो : आधी विश्वास कोणी टाकायचा? पैसे आधी पाठवले तर ग्राहकाचा जीव टांगणीला, माल आधी पाठवला तर विक्रेत्याचा. आज मोबाइलवरून जी विक्री चालते तिच्यातील बुडालेल्या ऑर्डरी, हुज्जत घालणारे ग्राहक आणि परताव्याची भांडणे हे सारे या एकाच प्रश्नाला फुटलेले फाटे आहेत, असे माझे मत झाले आहे.

प्रस्तुत लेखात मोठ्या कंपन्यांचा विचार केलेला नाही. नागपुरातल्या एखाद्या घरात शिलाई मशीनवर तयार झालेला माल घरातल्याच एका मोबाइलवरून विकला जातो, तेवढ्यापुरताच हा विषय मर्यादित आहे. असे घर मला जवळून माहीत आहे, कारण ते आमचेच आहे. आई कापडी पिशव्या व गोधड्या शिवते, शेजारच्या दोघी काकू तिला हात लावतात. आणि घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच मुलगी म्हणून हिशेब, पत्रव्यवहार आणि कुरिअर ही तिन्ही खाती माझ्याकडे आलेली आहेत. अर्थशास्त्राच्या वर्गात जे शिकले ते या वहीवर ताडून पाहावे, एवढाच लेखनाचा हेतू.

व्ही. पी. सोडवणे

हा प्रश्न मोबाइलबरोबर जन्मला अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. भारतीय टपाल खात्याने १८७७ साली मूल्यदेय पार्सलाची, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या भाषेत व्ही. पी. ची पद्धत सुरू केली. (त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली हा योगायोग, पण त्या मिलची गोष्ट निराळी आहे.) व्ही. पी. ची योजना साधी होती. विक्रेत्याने पार्सल टपालात द्यावे, पोस्टमनने ते दारी न्यावे, ठरलेली रक्कम घेऊन मगच ते हाती द्यावे, आणि ती रक्कम मनिऑर्डरने विक्रेत्याकडे यावी. घेणाऱ्याने नाकारले तर पार्सल आल्या वाटेने परत. मराठी मासिकांनी, पुस्तक प्रकाशकांनी आणि औषधे विकणाऱ्यांनी या पद्धतीवर पिढ्यान्‌पिढ्या व्यापार केला. पैसे भरून पार्सल ताब्यात घेण्याला लोक 'व्ही. पी. सोडवणे' असे म्हणत. हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. पार्सल जणू अडकून पडलेले आहे आणि ते सोडवणे ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे, असा त्याचा ध्वनी आहे.

फ्लिपकार्ट कंपनीने २०१० साली 'माल मिळाल्यावर पैसे' ही सोय सुरू केली तेव्हा तिचे नवी कल्पना म्हणून कौतुक झाले. वस्तुतः पोस्टमनच्या जागी कुरिअरचा मुलगा आला आणि मनिऑर्डरच्या जागी बँक खाते आले, एवढाच फरक. न सुटलेल्या पार्सलाला मात्र आता नवे नाव मिळाले आहे. विक्रेते त्याला 'आरटीओ' म्हणतात. अर्थ, मूळ ठिकाणी परत. आपल्याला आरटीओ म्हटले की गिरीपेठेतले परिवहन कार्यालय आठवते. आईने हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिलाही, आपल्या पिशव्या तिथे कशाला नेल्या, असेच वाटले होते.

कायदा काय देतो

पैसे न मिळालेल्या विक्रेत्याचा विचार आपल्या कायद्याने फार पूर्वी केलेला आहे. १९३० च्या माल विक्री कायद्यात कलम ४५ पासून पुढे त्याचे हक्क दिले आहेत. पैसे मिळेपर्यंत माल स्वतःकडे अडवून ठेवण्याचा हक्क हा पहिला. ग्राहक दिवाळखोर झाल्यास वाटेतला माल थांबवण्याचा हक्क हा दुसरा. नोटीस देऊन, वाजवी मुदत गेल्यावर, तोच माल दुसऱ्याला विकण्याचा हक्क हा तिसरा. माल नाशवंत असेल तर नोटिशीचीही गरज नाही. याशिवाय किमतीसाठी दावा लावता येतो व माल विनाकारण नाकारल्याबद्दल नुकसानभरपाईही मागता येते. दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची.

कागदावर हे हक्क भक्कम दिसतात. परंतु सहाशे रुपयांच्या गोधडीसाठी नागपूरच्या बाईने परगावच्या माणसावर दिवाणी दावा लावायचा म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. सबब या सगळ्या हक्कांत गरीब विक्रेत्याच्या खऱ्या उपयोगाचा हक्क एकच : माल हातचा न सोडणे. हा हक्क वापरायला वकील लागत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. आणि तो एकदा हातून गेला की बाकीचे हक्क नुसते वाचण्यापुरते उरतात.

इथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. याच कायद्याच्या कलम ३९ नुसार माल वाहतूकदाराच्या स्वाधीन केला की तो सकृद्दर्शनी ग्राहकालाच दिला असे मानले जाते. म्हणजे 'आधी पाठवा, मग पैसे टाकतो' असे म्हणणाऱ्याला साधे कुरिअर केले, तर पार्सल काउंटरवर ठेवताक्षणी आपला अडवणुकीचा हक्क जवळजवळ संपतो. उलट, पैसे घेतल्याशिवाय देऊ नये अशी अट वाहतूकदारावर घातली तर मालावरची आपली पकड राखून ठेवता येते. कलम २५ मध्ये याची तरतूद आहे. व्ही. पी. आणि आजची दारी पैसे घेण्याची पद्धत यांचे मर्म हेच आहे. त्यात विक्रेत्याचा माल बुडत नाही. बुडतो तो वाहतुकीचा खर्च.

तो किती बुडतो हे आकड्यांतच पाहिलेले बरे. समजा एका पिशवीसंचाची किंमत घरपोच ४५० रुपये आहे. कापड, धागा, चेन व वेष्टन मिळून २५० रुपये लागले. जाण्याचे कुरिअर ७० रुपये. उरले १३०. आता पार्सल नाकारले गेले आणि परतीचे ६० रुपये आपल्या माथी आले, तर ७० अधिक ६० मिळून १३० रुपयांचा तोटा. याचा अर्थ एक न सुटलेले पार्सल एका सुटलेल्या पार्सलाची सगळी शिल्लक खाऊन टाकते. दहाच्या दहा सुटली तर १,३०० रुपये राहतात, तीन परत आली तर ५२०, आणि पाच परत आली तर शून्य. बरे, वरच्या २५० रुपयांत शिवणाऱ्या बाईची मजुरी धरलेली नाही. पुस्तकात जिला नफा म्हणतात ती शिल्लक इथे मुख्यतः मजुरीच आहे. तेव्हा परत आलेल्या पार्सलाचा तोटा भांडवलाचा नसतो, दोन दिवस वाकून शिवलेल्या पाठीचा असतो.

पार्सल का सुटत नाही

विक्रेत्यांच्या बोलण्यात पार्सल नाकारणारा प्रत्येक ग्राहक लबाड ठरलेला असतो. मला हे मान्य नाही. परत आलेल्या पार्सलांच्या मालकांना मी स्वतः फोन करून विचारीत असते, आणि जी कारणे कानावर येतात ती बहुधा आपल्याच घरांतली असतात. कुरिअरवाला मंगळवारी आला आणि मजुरीचा हप्ता शनिवारी व्हायचा होता. सुनेने मागवले आणि दार सासऱ्यांनी उघडले. मे महिन्यातल्या भर दुपारी पार्सल आणणाऱ्याला घर सापडले नाही, त्याने 'ग्राहक उपलब्ध नाही' असे लिहून टाकले, आणि ग्राहक बिचारी दिवसभर वाट पाहत घरीच होती. यवतमाळकडे कापूस विकला जाईपर्यंत आणि भंडारा-गोंदियाकडे धान विकले जाईपर्यंत घरात रोकड नसते, हे तर विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. पैसे नसणे आणि पैसे बुडवणे यांत फरक आहे. बुडवणारेही असतात, नाही असे नाही. गंमत म्हणून चार ठिकाणी तीच वस्तू मागवून पहिली येईल ती घेणारे असतात. पण त्यांच्यावरून सगळ्यांची परीक्षा करू नये.

हा फरक ओळखला तर उपायही वेगळा सुचतो. पार्सल पाठवण्यापूर्वी आम्ही एकच प्रश्न विचारतो : 'पैसे कोणत्या दिवशी तयार असतील?' तो दिवस धरून पार्सल रवाना करायचे, आणि आदल्या संध्याकाळी आठवण द्यायची. ज्याला घ्यायचेच नाही तो या प्रश्नाला उत्तर देत नाही. ज्याची अडचण आहे तो दिवस सांगतो, आणि बहुधा सांगितल्याप्रमाणे वागतोही. परीक्षेच्या दिवसांत मी हा प्रश्न विचारायचे सोडले तर परतीची पार्सले लगेच वाढतात. एवढ्या साध्या उपायासाठी कुठल्याही यंत्राची गरज नाही.

या संदर्भात एक गोष्ट मनाला लागते ती लिहिते. आमच्या वस्तीच्या पिनकोडवर एका कंपनीने 'माल मिळाल्यावर पैसे' ही सोय मध्यंतरी बंद केली होती. कारण कोणी सांगितले नाही, पण तर्क करणे कठीण नव्हते. काही जणांनी पार्सले नाकारली आणि सगळी वस्ती बेभरवशाची ठरली. इतवारीतल्या जुन्या व्यापारात 'पत' ही माणसाची असे. त्याचे खाते, त्याचा शब्द, त्याच्या बापाचा व्यवहार पाहून ती ठरे. इथे पत पिनकोडची झाली. त्यामुळे आमच्या सारख्या घराला दुहेरी मार बसतो : विक्रेता म्हणून आम्ही दुसऱ्यांची नाकारलेली पार्सले सोसतो आणि ग्राहक म्हणून शेजाऱ्याच्या नाकारण्याची शिक्षा भोगतो. काही विक्रेते 'वाईट ग्राहकां'ची नावे व फोन नंबर असलेली यादी आपापसांत फिरवतात, त्यातही मला हाच दोष दिसतो. शिवाय दुसऱ्याचे नाव-नंबर असे चव्हाट्यावर मांडल्यास बदनामीचा आरोप आपल्यावरच येऊ शकतो. आपल्या वहीत आपण खूण करावी, ती पुरे.

इसार आणि त्याची मर्यादा

नावासह शिवलेली पिशवी किंवा मागणीप्रमाणे मापाची गोधडी दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. अशा मालासाठी थोडी रक्कम आधी घेणे अपरिहार्य आहे. तिला आपण इसार किंवा बयाणा म्हणतो. ग्राहकाने शब्द फिरवला तर ही रक्कम जप्त करता येते का? याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा फतेचंद विरुद्ध बालकिशन दास (१९६३) हा निकाल अभ्यासण्यासारखा आहे. तो खटला दिल्लीच्या एका मालमत्तेचा होता. त्यात इसाराचे १,००० रुपये विक्रेत्याला ठेवू दिले, मात्र पुढे किमतीपोटी घेतलेले २४,००० रुपये नुकसान सिद्ध केल्याशिवाय जप्त करू दिले नाहीत. कराराच्या कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाई तेवढीच मिळते. यातून घरगुती विक्रेत्याने घ्यायचा बोध सरळ आहे. इसार लहान असावा, तो इसार आहे व ऑर्डर रद्द झाल्यास परत मिळणार नाही हे पैसे घेण्यापूर्वी लिहून कळवलेले असावे, आणि पूर्ण किंमत आगाऊ घेतली असेल तर ग्राहकाच्या माघारीनंतर ती सगळीच गिळंकृत करण्याचा मोह टाळावा.

अल्पवयीन ग्राहक हा एक स्वतंत्र घोटाळा आहे. सोळा वर्षांचा मुलगा वडिलांच्या मोबाइलवरून ऑर्डर देतो आणि वडील फोनवर आपल्यालाच झापतात. मोहरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष या १९०३ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापासून अज्ञानाशी केलेला करार मुळातच रद्दबातल मानला जातो. इथे वाद घालू नये, ऑर्डर पुसून टाकावी.

न आलेल्या पैशांचे चित्र

आतापर्यंत अडचणीतल्या ग्राहकांबद्दल लिहिले. आता सरळसरळ फसवणुकीबद्दल थोडे. यूपीआय २०१६ साली आले आणि विक्रेत्याचे काम फार सोपे झाले, यात शंका नाही. पण त्याबरोबर 'पैसे पाठवले' असे दाखवणारे बनावट चित्रही आले. नियम एकच : ग्राहकाच्या पडद्यावर काय दिसते ते पाहू नये, आपल्या खात्यात काय जमा झाले ते पाहावे. बँकेसारखा दिसणारा संदेश हा देखील पुरावा नव्हे. दुसरी युक्ती अशी की, 'पाचशेऐवजी चुकून पाच हजार गेले, वरचे परत करा' म्हणून घाई केली जाते. खाते उघडून पाहिले तर पाचशेही आलेले नसतात. तिसरी, 'पैसे मिळण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा'. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असले पाहिजे. स्वतःला फौजी म्हणवून विश्वास संपादन करण्याची पद्धतही देशभर कुप्रसिद्ध आहे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका उशीर तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता कमी.

मात्र प्रत्येक न भरलेली ऑर्डर म्हणजे फसवणुकीचा गुन्हा नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली (पूर्वीचे प्रसिद्ध 'चारशे वीस') फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून असावा लागतो. 'पोलिसांत जाईन' ही धमकी उधारी वसूल करण्यासाठी वापरणे चूक आहे, आणि तिचा उपयोगही होत नाही.

परताव्याचे कोडे

परतावा हा शब्द ऐकला की विक्रेता लगेच कंबर कसतो. कायदा काय म्हणतो ते पाहिले तर अर्धे भांडण आपोआप मिटेल असे वाटते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियमही आले. त्या नियमांप्रमाणे वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल किंवा कबूल केलेल्या मुदतीत पोचली नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देता येत नाही. आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे झालेला उशीर तेवढा वगळला आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी इथे निरर्थक आहे. बिलावर मुदत लिहिली नसेल तर सदोष मालासाठी तीस दिवसांचा हिशेब लागू होतो. घरगुती विक्रेता म्हणून आपण सुटलो असेही समजू नये. सवड म्हणून एखादी जुनी वस्तू विकणाऱ्याला हे नियम लागू नाहीत, परंतु नियमितपणे धंदा करणाऱ्याला आहेत.

पण आणि हा 'पण' महत्त्वाचा आहे. केवळ मन बदलले म्हणून माल परत देण्याचा हक्क भारतीय कायद्याने ग्राहकाला दिलेला नाही. युरोपीय संघात दूरविक्रीच्या मालाला चौदा दिवसांची अशी मुभा आहे; तिथेही मागणीप्रमाणे बनवलेला व नाशवंत माल तिच्यातून वगळला आहे. आपल्याकडे मोठ्या कंपन्या जी 'विनाप्रश्न परती' देतात ती त्यांची धंद्याची चाल आहे, कायद्याची सक्ती नव्हे. त्यांना ती परवडते. ग्राहकाला मात्र तो आपला जन्मसिद्ध हक्क वाटू लागतो, आणि मग तीच अपेक्षा घेऊन तो गोधडी शिवणाऱ्या बाईच्या दाराशी येतो. घरगुती विक्रेत्याच्या निम्म्या कटकटींचे मूळ इथे आहे.

यावर उपाय म्हणून आम्ही एक चिठ्ठी तयार केली आहे. ऑर्डर घेण्यापूर्वी ती ग्राहकाला पाठवतो व 'मान्य' असे उत्तर आल्याशिवाय कापड कापत नाही. मजकूर असा : 'शिवण उसवलेली, कापड फाटलेले, माप चुकलेले किंवा वस्तू दाखवल्यापेक्षा वेगळी निघाल्यास सात दिवसांत फोटो पाठवून कळवावे. जाण्यायेण्याचा खर्च आमचा. बदली वस्तू किंवा पूर्ण पैसे, तुम्ही म्हणाल ते. वस्तू चांगली आहे परंतु पसंत पडली नाही, तर न वापरलेली वस्तू तुमच्या खर्चाने परत पाठवावी, किंमत परत मिळेल. नाव घालून किंवा मापाप्रमाणे शिवलेली वस्तू निर्दोष असल्यास परत घेता येणार नाही.' ग्राहकाला सात दिवस म्हटले तरी सदोष माल आठव्या दिवशी नाकारू नये. कायद्याने मिळालेला हक्क चिठ्ठीने जात नाही. चिठ्ठीचे खरे काम वेगळेच आहे. वाद झाला की दोघांनाही बोट ठेवायला एक ओळ मिळते.

रंगाचा वाद मात्र चिठ्ठीनेही सुटत नाही. मोबाइलच्या पडद्यावर शेंदरी दिसणारे कापड उन्हात विटकरी दिसते, आणि यात कोणीच खोटे बोलत नसते. टसरच्या साड्या विकणाऱ्यांना तर हा रोजचा ताप, कारण टसरचा मूळ रंगच उजेडाप्रमाणे हलतो. फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, जवळ एक पांढरा कागद ठेवून काढला तर फरक बराच कमी होतो. तरीही तक्रार आली तर रंगाच्या बाबतीत ग्राहकाचे म्हणणे ग्राह्य धरावे, असे मी म्हणेन. 'वर्णनाप्रमाणे माल' ही अट १९३० पासूनची आहे, आणि फोटो हेच आजचे वर्णन.

संत्र्यांचे उदाहरण घेतले की परताव्याची आणखी एक बाजू दिसते. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि आंबिया बहाराच्या दिवसांत कित्येक घरांतून पेट्या बाहेरगावी जातात. दहा किलोंतली काही फळे नासली तर पेटी परत मागवण्यात अर्थ नाही; ती येईतो उरलेलीही नासतील. इथे परत न घेता, नासलेल्या फळांपुरते पैसे लगेच द्यावे. पेटी उघडल्याच्या दिवशीच फोटो मागवावा. नाशवंत मालात वाद जितका लांबतो तितका पुरावाही कुजतो.

आणि पुराव्याबद्दल : परत आलेल्या पार्सलात आपल्या गोधडीऐवजी जुनी चादर निघाल्याचा प्रकार अनेक विक्रेत्यांच्या वाट्याला येतो. बांधताना व परत आलेले उघडताना सलग चित्रफीत घ्यावी, पत्त्याची चिठ्ठी व वजन त्यात दिसावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा इलेक्ट्रॉनिक पुरावा प्रमाणपत्रासह ग्राह्य आहे. कोर्टापर्यंत जायची वेळ क्वचितच येते, परंतु विक्रीव्यासपीठाच्या तक्रार विभागापुढेही तीच चित्रफीत उपयोगी पडते.

ग्राहकाच्या बाजूला मात्र दार उघडे आहे. तो जिथे राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि १९१५ ही मदतवाहिनी आहेच. म्हणजे गुवाहाटीच्या ग्राहकासाठी नागपूरच्या बाईला गुवाहाटीला उत्तर द्यावे लागू शकते. बलाढ्य कंपनीपुढे एकट्या ग्राहकाचे रक्षण व्हावे म्हणून हा कायदा झाला, आणि ते योग्यच आहे. पण त्याने विक्रेता म्हणजे बलाढ्यच असे गृहीत धरले. घरगुती विक्रेता पार्सल बुडाल्यावर दुबळा असतो आणि तक्रार आल्यावर अचानक 'व्यापारी' होतो.

हुज्जत आणि उत्तर

रात्री अकराला शिव्या देणारा, ऑर्डर झाल्यावर घासाघीस करणारा, 'एकच तारा देईन' अशी धमकी घालणारा ग्राहक कसा हाताळावा, यावर फार लिहिण्यासारखे नाही. आई म्हणते, ''गिऱ्हाईकाचं तोंडच दिसत नाही, मंग त्याचं मन कसं ओळखू?'' दुकानात बसलेल्या बाईला जे चेहऱ्यावरून कळते ते इथे अक्षरांवरून ओळखावे लागते. आमचा रिवाज असा की रागाच्या संदेशाला त्याच रात्री उत्तर द्यायचे नाही, दुसऱ्या दिवशी द्यायचे; फोनवर वाद न घालता लिहूनच द्यायचे; आणि उत्तरात पहिल्या ओळीत आपण काय करू शकतो ते सांगायचे. 'ताई, पिशवीची चेन खराब निघाली हे फोटोत दिसते. नवी पिशवी उद्या रवाना करते, जुनी परत पाठवायची गरज नाही.' एवढ्याने बहुतेक राग उतरतो. ताऱ्याच्या धमकीपुढे वाकून चांगल्या मालाचे पैसे परत दिले, तर ती बातमी धमक्यांच्या बाजारात लवकर पसरते, असा अनुभव आहे.

सर्वांत अवघड ग्राहक मात्र मोबाइलवर भेटत नाही. तो म्हणजे साठ पिशव्या एकदम उचलणारा दुकानदार. फोटो पाहून तो ऑर्डर देतो, माल नेतो आणि पैशांचे म्हटले की 'पुढच्या आठवड्यात' सांगतो. त्याच्यासाठी कायदा खरोखर कडक आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे मुदत ठरलेली नसेल तर पंधरा दिवसांत, आणि ठरलेली असली तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत लहान उत्पादकाचे पैसे द्यावेच लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी; ती मोफत आहे, आणि माल देण्यापूर्वीच करून ठेवलेली बरी. आमची नोंदणी मी केली. व्याजाचा हिशेबही मांडून ठेवला आहे. पण तक्रार केली की तो दुकानदार पुन्हा ऑर्डर देणार नाही, आणि दिवाळीच्या आधी साठ पिशव्या एकदम घेणारा दुसरा अजून मिळालेला नाही. म्हणून तो कागद सध्या वहीत ठेवलेला आहे, आणि आई दर सोमवारी त्याच्या दुकानात स्वतः जाऊन बसते.